कोवळ्या मुळाचा दात

"रड. मोठ्यानं रड. पण मान हलवू नको."

खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला डॉक्टरबाई हे एकदा सांगायच्या. मग ते सहा वर्षांचं पोर असो, नाहीतर यात्रेतली कुस्ती मारून आलेला पैलवान. सांगता सांगता त्यांचा डावा हात त्या माणसाच्या डोक्यामागून फिरून हनुवटीखाली यायचा आणि डोकं त्यांच्या काखेत घट्ट बसायचं. तुम्ही कधी मेंढराची लोकर कातरताना पाहिली असेल, तर ही धरण्याची तऱ्हा लगेच ओळखाल. बाईंचे वडील घोडेगावच्या बाजूला मेंढरं राखायचे. "दात काढायला कॉलेजात शिकले, पण माणूस धरायला वडलांनी शिकवलं," असं त्या म्हणायच्या.

त्यांचा दवाखाना मंचरला हायवेला लागून, कांद्याच्या आडतीच्या गाळ्यांच्या रांगेत होता. पुढे एक बाकडं, मध्ये पडदा, पडद्याआड ती खुर्ची आणि मागे बाईंची राहायची खोली. बारावीनंतर लग्न ठरेपर्यंत काहीतरी करावं म्हणून मी तिथे मदतनीस म्हणून गेले. लग्न झालं, गावातच झालं, पोरं झाली, आणि तरी मी तिथेच राहिले.

पहिल्या आठवड्यातच मला कळलं की दातांचा दवाखाना म्हणजे किडलेली दाढ नव्हे. कीड तर येतच होती, पण आमच्याकडे मार जास्त यायचा. बाजाराच्या दिवशी मापावरून जुंपायची आणि एखादा हमाल ओठात आकडा घुसलेल्या अवस्थेत दारात उभा राहायचा. डिझेल इंजिनाचं हँडल उलटं फिरून जबड्यावर बसलेले शेतकरी यायचे. त्यांचा जबडा बाई तारेनं बांधायच्या आणि महिनाभर पेज प्यायला सांगायच्या. बैलगाड्यांच्या शर्यतीत चाकाखाली गेलेला एक तरुण त्याच्या मित्रांनी गोधडीत घालून आणला होता. त्याचे दात कुठे आहेत हे बाई त्याच्या तोंडात शोधत होत्या आणि ते त्याच्या टाळूत रुतले होते. मी बाहेर जाऊन ओकले. परत आले तेव्हा बाई म्हणाल्या, "ओकून झालं? आता दिवा धर."

त्या अंगानं किरकोळ होत्या. चाळिशीच्या पुढच्या, केस घट्ट बांधलेले, हाताला बांगडी नाही. आवाज मात्र मेंढरांमागे ओरडून कमावलेला. पकड घेऊन दाढेवर जोर लावायच्या तेव्हा मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि दाढ कडकन सुटली की त्या आधी माणसाच्या गालावर तळवा ठेवायच्या, मग दाढेकडे बघायच्या.

बायका यायच्या त्या बहुतेक पायरीवरून पडलेल्या असायच्या. निदान त्या तसं सांगायच्या. कुणी ओट्यावरून पडलेली, कुणी न्हाणीत घसरलेली. बाई ऐकून घ्यायच्या. एकदा ओठ फाटलेल्या एका तरुण पोरीला टाके घालताना त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गावच्या पायऱ्यांना हात फुटलेत का गं?" ती पोरगी टाके घेतलेल्या ओठांनी हसली आणि मग इतकी रडली, की बाईंना सुई बाजूला ठेवावी लागली.

मी सांगणार आहे ती गोष्ट मनीषाची. ती आली तेव्हा अकरा वर्षांची होती. साल शहाण्णव-सत्त्याण्णव असावं. पिंपळवंडीची पोर. तिची आई तिला घेऊन मंचरजवळच्या आपल्या माहेरी आली होती आणि तिथून आमच्याकडे. पोरीचा वरचा ओठ सुजून नाकाला टेकला होता. आईनं पदरानं तोंड अर्धं झाकलं होतं आणि ती सांगत होती की पोरगी गोठ्यातल्या दगडावर पडली.

बाईंनी हलकेच ओठ वर केला. वरच्या दोन मोठ्या दातांपैकी एक मुळासकट गेला होता. हिरडीत काळं रक्त साकळलं होतं.

"दात कुठाय?" बाईंनी विचारलं.

आईला प्रश्नच कळला नाही. मनीषानंच सांगितलं, बोबड्या आवाजात. तिनं तो दात उंदराच्या बिळात टाकला होता. लहानपणी दुधाचे दात पडले तेव्हा आजीनं तसं करायला शिकवलं होतं, मग उंदीर नवा दात देतो.

 बाईंनी पोरीला समजेल अशा भाषेत सांगितलं, की हा दुधाचा नव्हता, उंदीर आता दुसरा देणार नाही. तो दात लगेच दुधाच्या वाटीत घालून आणला असता तर परत बसवता आला असता. पुढच्या वेळेस, असं म्हणून त्या थांबल्या. पुढची वेळ हा शब्द त्यांच्याच तोंडून गेला होता आणि तो त्यांनाच लागला असावा. त्यांनी आईला आत नेलं, पडदा ओढला आणि म्हणाल्या, "दगड कसला होता?"

आईनं पदराआडून सांगितलं. विहिरीवरच्या मोटारीचा पाना होता. पोरीनं बापाला जेवायला बोलवायला उशीर केला होता.

त्या दिवशी बाईंनी जखम धुतली, औषधं दिली आणि पोरीला आजोळीच ठेवायला सांगितलं. सूज उतरल्यावर जबड्याचा एक्स-रे फोटो काढला. तो उजेडासमोर धरून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला जवळ बोलावलं. मनीषाच्या जबड्यात दातांची दाटी होती. सुळ्याच्या मागे, दाढांच्या अलीकडे एक दात असा होता, की जो पुढेमागे दाटीसाठी काढावाच लागला असता. त्याचं मूळ अजून पुरतं वाढलेलं नव्हतं, खालचं तोंड उघडं होतं, फुंकणीसारखं.

"हा काढायचा आणि पुढं लावायचा," बाई म्हणाल्या.

मला वाटलं त्या गंमत करतायत. पण त्यांनी कॉलेजात असताना त्यांच्या सरांना हे करताना पाहिलं होतं, आणि नंतर स्वतः एकदा केलं होतं. ते एकदा केलेलं जगलं नव्हतं. हे त्यांनी आईपासून लपवलं नाही. सगळं सांगितलं. जगला तर पोरीचा स्वतःचा दात, तिच्याबरोबर वाढणारा. नाही जगला तर पुढे मोठी झाल्यावर नकली बसवता येईल.

आई कांद्याच्या लागणीला रोजानं जाणारी बाई. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी वाफ्यातलं रोप उपटून रानात लावायचं."

"तेच," बाई म्हणाल्या. "मूळ कोवळं आहे तोवरच. जून झालं की धरत नाही."

"आमी रोप लावल्यावर पाणी देतो. याला काय देऊ?"

"याला धक्का देऊ नका. बाकी काही मागत नाही तो."

आई खाली मान घालून बसली. ती एकच गोष्ट तिच्या हातात नव्हती.

ऑपरेशनच्या सकाळी मी दवाखान्याचं शटर अर्धं खाली ओढलं. बाईंनी इंजेक्शन दिलं, पोरीला ते नेहमीचं रडायचं सांगितलं. पण मनीषा रडली नाही. ती मारझोडीच्या घरातून आली होती आणि अशा घरातली पोरं गप्प बसायला फार लवकर शिकतात. बाईंनाच ते सहन होईना. "अगं, रड की थोडं," त्या म्हणाल्या. पोरीनं फक्त डोळे मिटले.

मी आजवर बाईंना दात उपटताना पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी दात उपटला नाही, सोडवला. हिरडी सैल केली, दाताला हळूहळू जागचा हलवला, मुळाला कशाचाही स्पर्श होऊ न देता वर घेतला. क्षणभर तो पकडीत दिसला, रक्तानं माखलेला, खाली कोवळ्या शेंगेसारखं उघडं तोंड. पुढच्या रिकाम्या जागेत त्यांनी आधीच जागा करून ठेवली होती. ती करताना हाडातून जो आवाज येत होता, तो मला अजून ऐकू येतो. दात तिथे बसला. थोडा खोल, थोडा वळवून. वरून टाके. मग शेजारच्या दातांना मासे धरायच्या नायलॉनच्या दोऱ्यानं बांधून टाकला. तो दोरा मी घोड नदीवर गळ टाकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून आणला होता. बाईंनी तो उकळून घेतला होता.

सगळं झाल्यावर बाई स्टुलावर बसल्या. दिवा विझवायचा त्या विसरल्या. मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

पोरगी आजोळी राहिली. पेज, भाताचं खिमट, केळं. थोड्या दिवसांनी टाके काढले. दात अजून दोऱ्यात होता, पण हिरडी गुलाबी दिसू लागली होती. बाई आरशात तिला दाखवत होत्या, की बघ, मागचा पुढं आलाय, वर्गात तुला पहिल्या बाकावर बसवल्यासारखं. मनीषा पहिल्यांदा हसली. तोंडावर हात ठेवून हसली.

त्याच वेळी तिचा बाप आत आला.

तो सकाळीच प्यायला होता. पिंपळवंडीहून येऊन आधी सासरवाडीला धिंगाणा घालून, तिथून पत्ता काढून आला होता. बाकड्यावर बसलेल्या बायकोच्या कमरेत त्यानं लाथ घातली. ती बाकड्यावरून खाली गेली, उठलीच नाही. मग पडदा फाडून तो आत आला आणि डाव्या हातानं मनीषाचा दंड धरून तिला खुर्चीतून ओढलं. पोरगी जमिनीवर आपटणार तोच मी तिला कवेत घेतलं आणि तिचं तोंड माझ्या पोटाशी दाबलं. दुसरं काही सुचलं नाही. तोंडाला लागू नये, एवढंच डोक्यात होतं. दंड अजून त्याच्याच हातात होता.

बाई पडद्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पोर माझीय," तो म्हणाला. "तू कोण?"

"पोर तुझीय. दात माझा आहे," बाई म्हणाल्या. "दात धरेपर्यंत ती इथून हलणार नाही."

त्यानं उजव्या हातानं ठोसा मारला. हातात जाड कडं होतं. आवाज झाला तो मला ओळखीचा होता, रोज ऐकत होते तोच. बाईंचं डोकं चौकटीवर आदळलं. त्या खाली बसल्या, पण दारातून हलल्या नाहीत. त्यानं दुसऱ्यांदा हात उचलला. बाईंच्या हनुवटीवरून रक्त ओघळून पांढऱ्या कोटावर आलं होतं, आणि त्यांच्या उजव्या हातात ट्रेमधली पकड होती, दाढा काढायची, जाड.

त्यांनी ती त्याच्या तोंडावर मारली नाही. मारली असती तर मला नवल वाटलं नसतं. त्यांनी बसल्या बसल्या मनीषाच्या दंडावर आवळलेला त्याचा डावा अंगठा पकडीत धरला आणि आवळला. आयुष्यभर जशी दाढ धरली तसा. तो ओरडला. उजव्या हातानं त्यांच्या डोक्यात, पाठीत गुद्दे घालू लागला. मोजायला कुणाला वेळ होता? बाईंनी डोकं खाली घातलं आणि पकड पिळली. मग जे मोडलं त्याचा आवाज आला, आणि पोरीचा दंड सुटला.

तोवर शेजारच्या गाळ्यातले हमाल धावले होते. त्यांनी त्याला रस्त्यावर ओढून तुडवायला सुरुवात केली. बाई भिंतीला धरून उठल्या, बाहेर आल्या आणि रक्तानं भरलेल्या तोंडानं म्हणाल्या, "मारू नका. पोलिसांत द्या." कुणाला नीट कळलं नाही. त्यांनी परत सांगितलं. मग हमाल थांबले.

आत येऊन त्यांनी पहिल्यांदा मनीषाचं तोंड उघडलं. स्वतःचं रक्त पोरीच्या अंगावर पडू नये म्हणून गळ्याशी टॉवेल धरून त्यांनी तो दात बोटानं चाचपला. एकदा, परत एकदा.

"आहे," त्या म्हणाल्या. "धरून आहे."

मग त्या बेसिनपाशी गेल्या आणि थुंकल्या. त्यांचा पुढचा दात अर्ध्यात मोडून पडला होता. मी तो फरशीवरून उचलून आणला आणि लावा, लावा म्हणत राहिले. त्यांनी तो पाहिला. मूळ मधोमध मोडलं होतं. आत राहिलेला तुकडा दुसऱ्या दिवशी पुण्याला त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांनी काढला. नंतर मी त्यांना विचारलं, की मनीषाला केलं तसं तुमचाही मागचा दात पुढे लावता येणार नाही का? त्या हसल्या. खिंडार दिसलं.

"माझी मुळं जून झाली बाई. आता जिथं आहे तिथंच राहायचं."

नकली दात मात्र त्यांना सहज बसवता आला असता. त्यांनी बसवला नाही. घोडेगावच्या कोर्टात केस उभी राहिली, आणि निकाल लागेपर्यंत हे असंच राहणार, असं त्यांनी जाहीर केलं. वकिलांनी समजावलं की सर्टिफिकेट पुरेसं आहे, तोंड दाखवायची गरज नाही. त्यावर बाई म्हणाल्या, "सर्टिफिकेट फायलीत झोपतंय. हे माझ्याबरोबर जागं राहतंय."

केस वर्षानुवर्षं चालली. बाप तारखेला यायचाच नाही, आला तर वकील यायचा नाही. त्यानं उलटी तक्रारही दिली होती, की डॉक्टरनं हत्यारानं अंगठा मोडून कायमचं अधू केलं. इकडे दवाखान्यात नवे लोक यायचे ते बाईंचं तोंड बघून बिचकायचे. एक म्हातारा तर खुर्चीत बसता बसता उठला. "डॉक्टरबाई, तुमचाच दात पडलाय की राव."

"म्हणून तर तुमचा वाचवतेय, बाबा. बसा."

त्या खिंडारामुळे बोलताना 'स' म्हटलं की शीळ वाजायची. लहान पोरांना ते फार आवडायचं. ती मुद्दाम त्यांच्याकडून सासवड, सरबत, ससा असं म्हणवून घ्यायची आणि बाई ते म्हणायच्या. तेवढ्यात सुई टोचून व्हायची.

मनीषा आजीकडेच वाढली. मंचरच्या शाळेत जायची, शाळा सुटली की आमच्याकडे यायची. दात धरला होता. वाढत होता. बाईंनी त्याला पुढून दातात भरायचा पांढरा मसाला लावून दातासारखा दात केला, शेजारच्याशी रंग जुळवला. मागची बाजू मात्र तशीच ठेवली. मुळाला त्रास नको म्हणून त्या फार घासायला तयार नव्हत्या. पोरगी उसाची कांडी दातानं सोलायची तेव्हा बाई ओरडायच्या आणि पाठ वळल्यावर मला म्हणायच्या, "बघितलंस? सोलतेय."

आई मात्र परत गेली. धाकटा मुलगा पिंपळवंडीला बापाकडेच होता. साक्षीची वेळ आली तेव्हा ती नवऱ्याबरोबर एसटीनं कोर्टात आली आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून तिनं सांगितलं, की पोरगी गोठ्यातल्या दगडावर पडली होती आणि दवाखान्यात काय झालं ते तिला आठवत नाही, ती चक्कर येऊन पडली होती. मला इतका राग आला, की मी बाहेर पायऱ्यांवर तिला बोलायला निघाले. बाईंनी माझं मनगट धरलं. तुम्हाला सांगितलंच, त्यांनी धरलं की सुटत नसे.

"तिला आज रात्री त्याच घरात झोपायचंय," त्या म्हणाल्या. "तुला आणि मला न्हाई."

आणि जाऊन त्यांनी तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. आई ते नवऱ्याकडे बघत बघत प्यायली.

मनीषाची साक्ष झाली तेव्हा ती कॉलेजात जाऊ लागली होती. निळा पंजाबी ड्रेस, दोन वेण्या सोडून आता एकच. बाप समोर बसला होता. म्हातारा दिसत होता, डावा अंगठा वाकडा. पोरीनं सगळं सांगितलं. पाना, उंदराचं बीळ, दवाखाना. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही.

मग बापाचे वकील उठले. सभ्य माणूस होता, आवाजही चढवला नाही. त्यांनी तिला तोंड उघडून दात दाखवायला सांगितले. तिनं दाखवले.

"समोरचे सगळे दात जागेवर दिसतात," ते कोर्टाकडे वळून म्हणाले. "अकराव्या वर्षी दात पाडला म्हणते. पडलेला पक्का दात परत येत नाही, हे लहान मुलालाही माहीत आहे. मग पडला कोणता?"

 आम्ही इतकी वर्षं त्या दाताला जपलं, आणि तो जगला हाच पोरीच्या विरोधातला पुरावा झाला होता. मी बाईंकडे पाहिलं. त्या बाकावर सरळ बसल्या होत्या, हाताच्या मुठी मांडीवर. त्यांची साक्ष आधीच होऊन गेली होती. आता त्यांना बोलता येत नव्हतं.

 मनीषा जज्जसाहेबांकडे वळून म्हणाली, की मी दाखवू का? साहेबांनी होकार दिला. तिनं मान मागे टाकली, वरचा ओठ दोन बोटांनी उचलला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं त्या दाताच्या मागे टेकवून दाखवलं.

"हा दात इथला न्हाई," ती म्हणाली. "शेजारच्याला मागं सपाट हाय, याला मागं टोक हाय. हा दाढेजवळचा दात हाय. तिथून काढून इथं लावलाय, कारण इथला यांनी पाडला. मला रोज जिभेला लागतंय ते."

आणि तिनं बापाकडे पाहिलं. मी सात-आठ वर्षं त्या पोरीला ओळखत होते, पण तिनं सरळ बापाकडे पाहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

साहेबांनी फोटो मागवले, पहिला आणि नंतरचे. वकिलांनी पुढचा प्रश्न अंगठ्याचा काढला. बाईंच्या साक्षीत तो आधीच येऊन गेला होता. तुम्ही अंगठा मोडलात हे खरं का, असं विचारल्यावर त्यांनी सांगितलं होतं, "खरं आहे. पोरीच्या दंडावरून सुटत नव्हता." 

बापाला शिक्षा झाली. फार मोठी नव्हती, पण झाली. निकालाच्या दिवशी बाई ना हसल्या, ना रडल्या. कोर्टाबाहेरच्या गाडीवर त्यांनी आम्हा दोघींना भजी घेऊन दिली आणि स्वतः एका बाजूनं चावत उभ्या राहिल्या.

नकली दात त्यांनी लगेच बसवून घेतला. आणि तो त्यांना कधी मानवला नाही. इतकी वर्षं जीभ त्या खिंडारात रुळली होती. दिवसातून कितीदा तरी त्या तो काढून कोटाच्या खिशात टाकायच्या आणि विसरायच्या. शीळ बंद झाली म्हणून पोरं रुसली, मग लहान पोर पेशंट म्हणून आलं की दात मुद्दाम खिशात.

त्याच वर्षी एका दुपारी मनीषाची आई आली. एकटीच आली होती. बाकड्यावर न बसता सरळ पडद्याआड गेली आणि खुर्चीत बसली. बाईंनी तोंड उघडायला सांगितलं. तिच्या तोंडात डाव्या बाजूला वर-खाली मिळून दाढाच नव्हत्या, काहींची मोडकी मुळं तेवढी हिरडीत राहिली होती. जुनी मोड होती, वेगवेगळ्या वर्षांची. बाईंनी काही विचारलं नाही. आईच आपण होऊन बोलली.

"त्यानंच," ती म्हणाली. "कोर्टात बोलायला पाहिजे व्हतं. जमलं न्हाई."

"आता बोललात ना," बाई म्हणाल्या, आणि तिचं डोकं काखेत घेतलं. "रडा. मान तेवढी हलवू नका."

त्या दुपारी त्यांनी एक एक करून ती मुळं काढली. आई मोठ्यानं रडत होती. बाहेर बाकड्यावरची माणसं घाबरून उठून गेली. मी त्यांना थांबवलं नाही.

डॉक्टरबाई गेल्या त्या हायवेवर. दवाखान्यासमोरच. सकाळी दूध आणायला पलीकडे निघाल्या होत्या आणि नाशिककडून आलेल्या एका ट्रकला दुसऱ्या ट्रकच्या पुढे जायचं होतं. मी आत पकडी-सुया उकळायला ठेवत होते. ब्रेकचा आवाज रोजचाच, म्हणून मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग गाळ्यातले हमाल ओरडू लागले. मी धावले तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला पडल्या होत्या आणि कुणीतरी त्यांच्यावर कांद्याचं रिकामं पोतं घातलं होतं. मी पोतं बाजूला करून त्यांच्या गालावर तळवा ठेवला. गाल अजून गरम होता.

त्यांना जवळचं असं कुणी नव्हतं. एक पुतण्या आला, विधी झाले. मनीषा तेव्हा पुण्यात नर्सिंग शिकत होती, ती येऊन दहाव्यापर्यंत माझ्याकडे राहिली. आम्ही दोघींनी मिळून मागची खोली आवरली, कपडे वाटून टाकले.

खुर्ची घोडेगावला नव्यानं दवाखाना टाकणाऱ्या एका तरुण डॉक्टरनं घेतली. ती न्यायला टेम्पो आला त्या दिवशी मी एकटीच होते. तिला जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट गंजले होते. चार हमाल लागले, त्यांनी घणानं ठोकून ते तोडले. फरशी फुटली. खुर्ची टेम्पोत उभी करून सुंभानं बांधली, तोंड मागच्या बाजूला, दिव्याची दांडी वर तशीच. हमालांनी अंग झाडलं. त्यातला एक, ज्याचा ओठ कधीकाळी बाईंनी शिवला होता, टेम्पोच्या फाळक्याला हात लावून नमस्कार करून गेला.

टेम्पो हायवेला लागला आणि घोडेगाव फाट्याकडे वळला. वळणावरच्या गतिरोधकावर तो उडाला, तशी खुर्चीची पाठ आपसूक मागे गेली आणि दिवा खाली झुकला. मागून येणाऱ्या एसटीनं हॉर्न दिला. टेम्पो थांबला नाही.